काळ्या बुरशीशीं झालेला झगडा

बुरशी ही आपल्या घरांतली जुनी ओळखीची वस्तु आहे. पावसाळ्यांत चार दिवस न वापरलेल्या वहाणांवर, तोंड नीट न बांधलेल्या बरणींतल्या लोणच्यावर, डब्यांत विसरलेल्या पावाच्या तुकड्यावर जी पांढुरकी, करडी लव उगवते ती आपण पाहतों, नाक मुरडतों आणि पुसून तरी टाकतों किंवा फेकून तरी देतों. तिचें याहून अधिक भय बाळगावें असें आपल्या आजीपणजींना कधीं वाटलें नाहीं, आणि त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. पावावर उगवणाऱ्या ज्या बुरशीला शास्त्रज्ञ रायझोपस म्हणतात तिचे बीजकण आपण सर्वजण श्वासाबरोबर रोज आंत घेतों. नाकांतलें ओलसर अस्तर आणि रक्तांतल्या पांढऱ्या पेशी त्यांचा बिनबोभाट निकाल लावतात, व आपणांस त्याची गंधवार्ताहि नसते.

२०२१ सालच्या उन्हाळ्यांत मात्र याच क्षुद्र जीवानें महाराष्ट्रांतील आणि गुजराथेंतील इस्पितळांचे दालनामागून दालन भरून टाकलें. करोनाच्या दुसऱ्या लाटेंतून जे जगून बाहेर पडले होते त्यांपैकीं कित्येकांच्या गालाला सूज आली, नाकांतून काळसर स्राव वाहूं लागला, एक डोळा पुढें आला, पापणी मिटली, आणि पाहतां पाहतां त्या डोळ्याची दृष्टि गेली. त्या वर्षाच्या जुलैपर्यंत देशांत ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकीं ४,३०० हून अधिक दगावले. वर्तमानपत्रांनीं या रोगाला ‘काळी बुरशी’ असें नांव दिलें व तें लोकांच्या तोंडीं बसलें. वास्तविक ही बुरशी काळी नव्हे. काळें पडतें तें माणसाचें मांस.

या रोगाचें शास्त्रीय नांव म्यूकरमायकोसिस. त्यावर उपाय काय, हा प्रश्न त्या उन्हाळ्यांत घरोघर विचारला गेला. परंतु त्याचें उत्तर त्यापूर्वीं कित्येक वर्षें तुकड्यातुकड्यांनीं तयार होत आलें होतें. तें कोणीं, कोठें आणि कोणत्या किंमतीला तयार केलें याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे. कोणतें औषध घ्यावें हें सांगण्याचा येथें हेतु नाहीं; तें काम आपापल्या डॉक्टरांचें.

प्रथम शत्रूची वाट पाहूं. आपल्या नाकाच्या दोन्ही बाजूंस, गालाच्या, कपाळाच्या आणि दोन डोळ्यांमधल्या हाडांत, हवेनें भरलेल्या पोकळ्या असतात. डॉक्टर लोक त्यांना सायनस म्हणतात. नाकाची बाजू आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्यें हाडाचा जो पडदा आहे तो इतका पातळ आहे कीं शरीरशास्त्रज्ञांनीं त्याला ‘कागदी पडदा’ असेंच लॅटिन नांव देऊन टाकलें. खोबणीच्या मागच्या टोकाशीं दृष्टीची नस आणि डोळा फिरविणाऱ्या नसा एका अरुंद वाटेनें आंत शिरतात, आणि त्या वाटेच्या पलीकडे मेंदू. नाकपुडीपासून मेंदूपर्यंतचें हें सगळें अंतर एक वीतभरहि नाहीं.

बुरशी या वाटेनें जाते खरी, पण तिची चाल निराळी आहे. तिला रक्तवाहिन्यांची विलक्षण ओढ. ती धमनीच्या भिंतींत शिरते, आंत रक्ताची गुठळी होते, पुढील भागाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तो भाग मरून कोळशासारखा होतो. उपचारांतली मुख्य अडचण येथेंच उत्पन्न होते, व ती ध्यानांत ठेविली म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो. औषध शिरेंतून दिलें तरी तें रक्ताबरोबरच जावयाचें. आणि जेथें बुरशी ठाण मांडून बसली आहे तेथें रक्तच पोंचत नाहीं.

माणसाच्या शरीरांत बुरशी वाढूं शकते हें युरोपांतील शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तुरळक दिसूं लागलें होतें. १८८५ सालीं ऑस्ट्रियांतील आर्नोल्ड पाल्टाउफ या तरुण डॉक्टरानें एका मृताच्या शरीरांत अनेक अवयवांतून पसरलेल्या अशा बुरशीचें सविस्तर वर्णन फिर्शोच्या प्रख्यात जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध केलें, आणि म्यूकर या बुरशीच्या नांवावरून रोगाला नांव दिलें. पण ही सारी मरणोत्तर विद्या होती. रोगी जिवंत असतां तो ओळखावा कसा, हें कोणास सांगतां येत नव्हतें.

तें सांगणारा निबंध निघावयास जवळजवळ साठ वर्षें लागलीं. १९४३ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉप्किन्स इस्पितळाच्या पत्रिकेंत ग्रेगरी, गोल्डन आणि हेमेकर या तिघांनीं तीन रुग्णांची हकीकत छापली. तिन्ही रुग्ण मधुमेही; मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तांत आम्लता चढलेली; डोळा सुजून पुढें आलेला व हालेनासा झालेला; आणि अखेर मेंदूंत बुरशी. तिघांपैकीं एकहि वांचला नाहीं. या निबंधानें औषध दिलें नाहीं, पण चित्र दिलें. आम्लता चढलेला मधुमेही, एका बाजूचा डोळा आणि नाकांतला काळा डाग, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या कीं घड्याळाकडे पाहावें, हें डॉक्टरांना तेथून कळूं लागलें. वैद्यकाच्या इतिहासांत औषध शोधणाऱ्यांचे पुतळे होतात. रोगाचें चित्र अचूक काढणाऱ्यांचीं नांवें मात्र ग्रंथांच्या पोटांतच राहतात. मला हा न्याय वाटत नाहीं.

येथें मधुमेहाविषयीं दोन शब्द बोलले पाहिजेत. १९२२ च्या जानेवारींत टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं काढलेलें इन्शुलिन एका मुलास प्रथम टोंचण्यांत आलें. त्यापूर्वीं आम्लता चढलेला मधुमेही बहुधा थोड्याच दिवसांत बेशुद्ध होऊन मरे. बुरशीला नाकापासून मेंदूपर्यंत जावयास जो अवकाश लागतो तेवढाहि तो बिचारा जगत नसे. इन्शुलिननें त्याला आयुष्य दिलें, आणि त्याबरोबरच अर्धवट आवरलेल्या मधुमेहाचीं दीर्घ वर्षेंहि दिलीं. या रोगाला जमीन मिळाली ती त्या वर्षांत, असा माझा तर्क आहे. आम्लतेचा आणि बुरशीचा संबंध काय, तें पुढें उमगलें. आपल्या रक्तांतलें लोह एका प्रथिनाला घट्ट बांधलेलें असतें. आम्लता चढली कीं ती गांठ सैल होते व लोह सुटें पडतें. आणि या बुरशीला लोहाची भूक मोठी. त्याच वेळीं साखरेनें व आम्लतेनें पांढऱ्या पेशी मंद झालेल्या असतात. म्हणजे पहारेकरी झोंपलेला आणि कोठाराचें दार उघडें.

१९५५ सालीं हॅरिस नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें मेंदूपर्यंत पोंचलेल्या या रोगांतून वांचलेल्या पहिल्या रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. बुरशीवर खात्रीनें चालणारें औषध त्या वेळीं बाजारांत नव्हतें. डॉक्टरांच्या हाताशीं मुख्य साधन होतें तें मधुमेह आवरण्याचें. तेवढ्यानेंहि एक जीव वांचूं शकला. पुढें कितीहि मौल्यवान औषधें निघालीं तरी आम्लता उतरविणें व साखर ताब्यांत आणणें ही उपचाराची पहिली पायरी राहिली, आणि आजहि ती पहिलीच आहे.

आतां औषधाकडे वळूं. पेनिसिलिनच्या विजयानंतर लोकांना वाटूं लागलें कीं आतां सर्व जंतूंवर औषध निघणार. पण पेनिसिलिन स्वतःच एका बुरशीपासून निघालेलें. बुरशीचें त्याला काय वाटणार? जंतूची पेशी आणि आपली पेशी यांत इतकें अंतर आहे कीं जंतूला मारून माणसाला सोडणारें विष सांपडणें शक्य होतें. बुरशीची पेशी मात्र रचनेनें आपल्या पेशीची जवळची नातलग. ती वनस्पति नव्हे आणि प्राणीहि नव्हे. पण तिला मारणारें विष बहुधा आपणांसहि मारतें. फरक आहे तो लहानसा. आपल्या पेशीच्या वेष्टनांत कोलेस्टेरॉल असतें. बुरशीच्या वेष्टनांत त्याच्या जागीं अर्गोस्टेरॉल नांवाचा त्याचाच एक भाऊ असतो. या एवढ्याशा भेदावर आज लाखों रुग्णांचे प्राण टांगलेले आहेत.

या भेदाचा उपयोग करणारें पहिलें नामांकित औषध दोन स्त्रियांनीं शोधलें. एलिझाबेथ हेझन या न्यूयॉर्क शहरांत सूक्ष्मजीवांचें काम करीत. रेचेल ब्राऊन या त्याच राज्याच्या ऑल्बनी गांवीं रसायनशास्त्राचें. दोघीहि सरकारी आरोग्यखात्याच्या प्रयोगशाळांतल्या नोकरदार. हेझनबाईंनीं मातींतून जंतु वेगळे काढावे, कांचेच्या बरण्यांत घालून टपालानें ऑल्बनीस धाडावे. ब्राऊनबाईंनीं त्यांतलें औषधी द्रव्य काढून टपालानेंच परत पाठवावें. असा हा पोस्टांतला संसार कांहीं काळ चालला. अखेर व्हर्जिनियांतील नूर्स नांवाच्या स्नेह्यांच्या शेतांतली माती फळास आली. तींतल्या जंतूपासून निघालेल्या औषधाची वार्ता १९५० सालीं जाहीर झाली, आणि न्यूयॉर्क राज्याच्या नांवावरून त्याला निस्टॅटिन म्हणूं लागले. या औषधाच्या हक्कापोटीं जमलेले सव्वा कोटीहून अधिक डॉलर या दोघींनीं स्वतःकडे न घेतां शास्त्रीय संशोधनाला लावून दिले. १९६६ सालीं फ्लॉरेन्स शहर पुरांत बुडालें तेव्हां भिजलेल्या चित्रांवरची बुरशी घालविण्यासहि निस्टॅटिन वापरण्यांत आलें. तथापि एक मोठा दोष राहिला. तें तोंडांतल्या व त्वचेवरच्या बुरशीवर उत्तम. शिरेंतून मात्र देतां येत नाहीं. खोल घुसलेल्या शत्रूपर्यंत तें पोंचतच नाहीं.

ही उणीव भरून काढली ती दक्षिण अमेरिकेंतल्या मातीनें. व्हेनेझुएला देशांत ओरिनोको नदीच्या कांठची मूठभर माती अमेरिकेंतील स्क्विब कंपनीच्या प्रयोगशाळेंत आली होती. तींत सांपडलेल्या एका जंतूपासून १९५५ च्या सुमारास एकाच घराण्यांतलीं दोन द्रव्यें निघालीं. तीं आम्लाशींहि जुळतात व क्षाराशींहि, म्हणून त्यांना उभयधर्मी या अर्थानें अँफोटेरिसिन म्हटलें. पहिलें मागें पडलें. दुसरें, म्हणजे अँफोटेरिसिन बी, हेंच तें प्रसिद्ध औषध. तें बुरशीच्या अर्गोस्टेरॉलला चिकटतें, वेष्टन फुटकें करतें, आणि बुरशीचा जीवनरस बाहेर गळून ती मरते. १९५८ पर्यंत प्राण्यांवरील प्रयोगांत या रोगाच्या बुरशीवर तें चालतें असें दिसलें, आणि त्या दशकाच्या अखेरीस तें इस्पितळांत आलें.

आलें, पण कसें आलें तें ऐकण्यासारखें आहे. औषध पाण्यांत विरघळत नाहीं म्हणून तें पित्तांतल्या एका क्षाराबरोबर मिसळावें लागे. साध्या मिठाच्या पाण्यांत घातलें तर त्याचा साका होई. म्हणून साखरेच्या पाण्यांतच घालावयाचें, आणि चार ते सहा तास थेंबथेंब सोडावयाचें. कांहीं वेळ जातो न जातो तोंच रुग्णाला हुडहुडी भरे, दांतांवर दांत वाजूं लागत, मग सणसणून ताप चढे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. आणि असें कित्येक आठवडे. हें सोसलें तरी खरा घाव अजून पुढेंच असे. आपलें कोलेस्टेरॉल आणि बुरशीचें अर्गोस्टेरॉल यांतला भेद औषधाला पुरतेपणीं कळत नाहीं. मूत्रपिंडें नासूं लागत, रक्तांतलें पोटॅशियम उतरे, आणि पुष्कळदां बुरशी मरण्यापूर्वींच औषध थांबवावें लागे. अमेरिकन डॉक्टरांनीं त्याच्या नांवावर कोटी करून ‘भयंकर’ या अर्थाचें नांव पाडलें होतें. तरी दुसरें कांहीं नव्हतें. पूर्वीं जेथें मरण ठरलेलें असे तेथें आतां निदान लढतां येऊं लागलें.

परंतु लढाई एकट्या औषधाची नव्हे, हें मघाशीं आपण पाहिलेंच. मेलेल्या मांसांत रक्त नाहीं, म्हणून औषध नाहीं. तें मांस कापून काढणें हाच मार्ग. पूर्वीं हें काम ओठ वर उचलून हिरडीवरून गालाच्या हाडांत शिरून करीत. १८९३ सालीं न्यूयॉर्कच्या काल्डवेलनें व १८९७ सालीं पॅरिसच्या ल्यूकनें ती रीत सांगितली होती. किंवा चेहऱ्यावरूनच छेद घ्यावा लागे. नाक, गाल, टाळूचा भाग. आणि सर्वांत दारुण म्हणजे डोळा. बुरशी खोबणींत पसरली तर डोळ्याचा गोळा, स्नायू, चरबी, पापण्या, सगळें काढून हाडाची रिकामी वाटी ठेवावयाची. कित्येकदां त्या डोळ्याला अजून थोडें दिसत असे. रुग्ण शुद्धीवर असे. नातेवाइकांना विचारावें लागे: डोळा ठेवावा आणि मेंदूचा धोका पत्करावा, कीं डोळा द्यावा आणि जीव मागावा? आणि उत्तर लगेच हवें, कारण बुरशी उद्यांची वाट पाहत नाहीं. बरें, डोळा दिल्यावर जीव खात्रीनें वांचेल असेंहि कोणास छातीठोकपणें सांगतां येत नसे. आजहि येत नाहीं. डोळा काढल्यानें आयुष्य वाढतें कीं नाहीं यावर नेत्रवैद्यांत अद्यापि वाद आहे.

एवढें करून साध्य काय झालें, याचा हिशेब २००५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं मांडला. १८८५ पासून जगभर छापल्या गेलेल्या ९२९ रुग्णांच्या हकीकती त्यांनीं एकत्र केल्या. त्यांत शरीराच्या सर्वच भागांतले रुग्ण होते. ज्यांना कांहींच उपचार मिळाला नाहीं असे २४१. त्यांतले वांचले आठ. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत शेंकडा ५७ वांचले, जुनें अँफोटेरिसिन मिळालेल्यांत ६१, आणि औषध व शस्त्र दोन्ही मिळालेल्यांत ७०. छापलेल्या हकीकतींत वांचलेल्यांची भरती थोडी अधिकच असते, कारण यश छापावयास सर्वांनाच आवडतें. तरी आठ आणि २४१ हे आंकडे मनांतून जात नाहींत.

पुढच्या सुधारणा दोन अंगांनीं झाल्या. शस्त्रवैद्यांच्या अंगानें म्हणावें तर १९७१ सालीं लंडनमध्यें हौन्सफील्डच्या यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या डोक्याचें संगणकी चित्र घेतलें, आणि हाडांच्या आड काय चाललें आहे तें दिसूं लागलें. इंग्लंडांतील हॉप्किन्सनें कांचेच्या कांड्यांची जी बारीक दुर्बीण योजिली होती ती घेऊन ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथें मेसरक्लिंगर नाकाच्या अंतर्भागाचा अभ्यास करीत होता. त्यांतूनच नाकपुडींतून शिरून सायनस साफ करण्याची विद्या निघाली. चेहरा न कापतां मेलेलें मांस काढतां येऊं लागलें, आणि दोन दिवसांनीं पुन्हां आंत डोकावून राहिलेलें काढणें सोपें झालें. संशय आला कीं काढलेला कण क्षारांत भिजवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा. रुंद, फितीसारखे, आडपडदे नसल्यासारखे व काटकोनांत फुटणारे धागे दिसले कीं निदान झालें. याला तास लागतो, आठवडा नव्हे.

औषधाच्या अंगानें झालेली सुधारणा अधिक चमत्कारिक. केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम हा शास्त्रज्ञ १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत पाण्यांत घातलेले मेद न्याहाळीत असतां त्याला आढळलें कीं ते आपोआप सूक्ष्म पोकळ गोळ्यांचें रूप घेतात. त्यांना लिपोसोम म्हणतात. अँफोटेरिसिन या मेदाच्या गोळ्यांत भरून दिलें तर तें मूत्रपिंडांना फारसें न दुखवितां बुरशीपर्यंत जातें, हें १९८५ च्या सुमारास ह्यूस्टन येथें रुग्णांवर दिसून आलें, आणि १९९० पासून असें तयार औषध युरोपांत विकूं लागलें. आतां पूर्वींच्या कित्येक पट मात्रा देतां येऊं लागली. किंमत मात्र अशी कीं आपल्याकडील सामान्य कुटुंबानें ती नुसती ऐकावी.

येथें मुंबईचा संबंध येतो, व तो अभिमानानें सांगण्यासारखा आहे. परळच्या के. ई. एम. इस्पितळांत आणि त्याला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनीं दिल्ली विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें अँफोटेरिसिनचा असा देशी प्रकार तयार केला. त्याची कुपी रुग्णाला देण्यापूर्वीं ध्वनिलहरींच्या यंत्रांत ठेवून ढवळून घ्यावी लागते, इतकाच व्याप. परदेशी मालाची वाट न पाहतां नगरपालिकेच्या एका इस्पितळांत हें काम झालें. करोनाच्या आधीं कित्येक वर्षें तें झालें हें विशेष. संकट आल्यावर प्रयोगशाळा उघडतां येत नाहींत.

आणि संकट येत होतें, हें दिसत नव्हतें असें नाहीं. चंडीगढच्या सरकारी पदव्युत्तर संस्थेंत डॉ. अरुणालोक चक्रवर्ती व त्यांचे सहकारी या रोगाची नोंद ठेवीत होते. १९९० ते १९९९ या काळांत तेथें दर सालीं सरासरी १३ रुग्ण आले. २००० ते २००४ मध्यें सुमारें ३६. २००६-०७ मध्यें ५०. त्यांतला मोठा भाग मधुमेह न आवरलेल्यांचा, आणि त्यांतहि कित्येकांना आपणांस मधुमेह आहे हें या रोगानेंच प्रथम कळविलेलें.

लोहाची गोष्ट अपुरी ठेवूं नये, कारण तींत शास्त्रज्ञांचा तर्क एकदां सपशेल फसला आहे. बुरशीला लोह हवें, तर लोह पकडून ठेवणारें औषध द्यावें, हा विचार किती सरळ! पण मूत्रपिंडें निकामी झालेल्या रुग्णांना डेस्फेरिऑक्झामिन नांवाचें असेंच एक औषध देत असतां त्यांच्यांतच हा रोग वाढलेला आढळला. तें औषध लोह पकडून बुरशीच्याच तोंडांत नेऊन घालीत होतें. मग ज्याचा असा उपयोग बुरशीला करतां येत नाहीं असें दुसरें लोहबंधक निघालें. उंदरांवर तें चाललें. २० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा निकाल २०१२ सालीं छापला गेला, तेव्हां तें औषध मिळालेल्यांतच मृत्यु अधिक निघाले. तो मार्ग तेथेंच बंद झाला.

२०२१ सालीं या सगळ्या विद्येची परीक्षा झाली. करोनानें गुदमरणाऱ्या रुग्णाला स्टेरॉइड दिल्यास तो वांचण्याचा संभव वाढतो हें २०२० च्या जूनमध्यें इंग्लंडांतल्या मोठ्या चाचणीनें सिद्ध झालें होतें. तें खरेंच होतें, व त्या औषधानें असंख्य लोक वांचले. पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती अशांनाहि तें दिलें गेलें, अधिक दिवस दिलें गेलें, आणि त्यानें चढलेली साखर पुष्कळ ठिकाणीं कोणी मोजली नाहीं. नेत्रवैद्यांनीं देशभरांतून गोळा केलेल्या २,८२६ रुग्णांत शेंकडा ८७ जणांनीं स्टेरॉइड घेतलेलें होतें आणि ७८ जणांना मधुमेह होता. वाफेला, प्राणवायूच्या नळकांड्यांतल्या पाण्याला आणि आणखी कशाकशाला लोकांनीं दोष दिला. पण हे दोन आंकडे पुरेसे बोलके आहेत.

२० मे रोजीं केंद्र सरकारनें राज्यांना हा रोग १८९७ च्या साथीच्या कायद्याखालीं नोंदणीयोग्य ठरविण्यास सांगितलें. हा कायदा मुंबईच्या प्लेगामुळें झालेला. चार पिढ्यांनंतर तो पुन्हां मुंबईच्याच दारांत उभा राहिला. महाराष्ट्र सरकारनें महात्मा फुले जन-आरोग्य योजनेखालीं या रोगाचे मोफत उपचार जाहीर केले. पण औषध कोठें होतें? हिशेब करून पाहा. ६० किलो वजनाच्या माणसाला किलोमागें ५ मिलिग्रॅम म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम. एका कुपींत ५० मिलिग्रॅम. म्हणजे रोज सहा कुप्या, आणि असे कित्येक आठवडे. एकेक कुपी हजारों रुपयांची. आणि रुग्ण हजारोंनीं. आप्तेष्ट चिठ्ठी हातांत घेऊन एका शहरांतून दुसऱ्या शहरांत कुप्या शोधीत फिरले. केंद्रानें राज्यांना कुप्या वांटून दिल्या. मेअखेर वर्ध्यास औषध तयार होऊं लागलें. १२ जूनला त्यावरील कर माफ झाला. जेथें नवें मिळालें नाहीं तेथें जुनें, हुडहुडी भरविणारें अँफोटेरिसिन पुन्हां कपाटांतून बाहेर आलें. जूनच्या आरंभीं दिल्लीच्या उच्च न्यायालयास असें सांगावें लागलें कीं औषध सर्वांना पुरत नसेल तर तें कोणास प्रथम द्यावें याचें धोरण ठरवा, आणि ज्यांच्यापुढें आयुष्य आहे अशा तरुणांचा विचार आधीं करा. न्यायाधीशांनीं हें जड अंतःकरणानें म्हटलें. कोणाहि म्हाताऱ्या मातापित्यांनीं तें ऐकून मान डोलाविली असेल, आणि कोणाहि मुलास तें ऐकवलें नसेल.

याच दिवसांत एक जुनी युक्ति मोठ्या प्रमाणावर वापरण्यांत आली. बुरशी खोबणींत नुकतीच शिरलेली आहे, दृष्टि शिल्लक आहे, अशा वेळीं डोळ्याच्या मागें बारीक सुईनें अँफोटेरिसिन सोडावयाचें. रक्तवाटेनें औषध पोंचत नाहीं ना, मग तें हातानेंच नेऊन पोंचवावें! कित्येक डोळे यानें काढावयाचे टळले असें नेत्रवैद्य सांगतात. पोटांत घ्यावयाचीं नवीं औषधें, पोसाकोनाझोल २००६ पासून आणि इसाव्हुकोनाझोल २०१५ पासून, हीं शिरेंतला क्रम संपल्यावर महिनोन्महिने चालू ठेवण्यास उपयोगीं पडलीं.

जे वांचले त्यांच्यापैकीं पुष्कळांची टाळू व वरचा जबडा गेलेला होता. अशा माणसानें पाण्याचा घोट घेतला तर तें नाकांतून बाहेर येतें, आणि त्याच्या बोलण्यांतला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच नाकांत विरतो. त्याच्यासाठीं दंतवैद्य टाळूच्या मापाची एक पट्टी करून देतात. फ्रान्सच्या आम्ब्रोज पारे नांवाच्या शस्त्रवैद्यानें सोळाव्या शतकांतच अशी पट्टी वर्णिली होती. ती तेव्हां सोन्यारुप्याची व स्पंजाची असे, आतां हलक्या रासायनिक लुकणाची असते. २०२१ च्या पावसाळ्यानंतर आपल्याकडील दंतमहाविद्यालयांत अशा पट्ट्या एकामागून एक तयार होत होत्या. मेणाचा ठसा घ्यावयाचा, सांचा ओतावयाचा, कडा घासून पुन्हां बसवून पाहावयाची, आणि मग रुग्णाला पेला देऊन म्हणावयाचें, “आतां पाणी प्या, आणि तुमचें नांव सांगा.”